गंगासागरने घासलेली बोट

युसूफ वडगावच्या बाजारात रुद्रप्पांचं भांड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर रुद्रप्पा बसतात, पण भांड्यांवर हात फिरतो तो त्यांच्या बायकोचा, गंगासागरचा. लग्न होऊन ती धारूरहून या घरात आली तेव्हापासून मांडणीवरच्या एकाही पातेल्यावर धूळ बसलेली कुणी पाहिली नाही. गावातल्या बाया घरची काळी ठिक्कर पडलेली घागर घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "अक्का, येवढी उजळून द्या." ती हातातलं काम टाकून चिंच-मीठ घेऊन बसायची. काळं राहिलेलं तिला बघवतच नसे. मागच्या वर्षी दिवाळीनंतर या स्वभावापायी तिच्यावर जी दुपार ओढवली, ती तिच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

तिला दोन मुलं. थोरला रुद्रेश आणि धाकटी शिवानी. रुद्रेश दुकानात रमला नाही. लातूरला मोटर मेकॅनिकचं शिकून आला आणि बजरंगदादांकडे लागला. मांजरा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून बजरंगदादांची बरीच जमीन आहे, आणि त्या भागातल्या राजकारणात त्यांचा शब्द चालतो. लोकांना पाण्यावर फिरवून आणायचं म्हणून त्यांनी कोकणातून एक वापरलेली पॉवरबोट ट्रकवर घालून आणली होती. ती चालवायची, धुवायची, बिघडली तर दुरुस्त करायची, सगळं रुद्रेशकडे होतं.

बोट पांढरीशुभ्र होती, मागची बाजू सोडून. इंजिन बोटीच्या पोटात, मागच्या बाकाखाली. मागच्या फळीवर, पाण्याच्या जरा वर, स्टीलची दोन गोल तोंडं बाहेर आलेली. गाडीला सायलेन्सर असतो तसाच हा बोटीचा. इंजिनचा धूर आणि इंजिन थंड करून आलेलं पाणी त्यातून फसफसत बाहेर पडायचं. खाऱ्या पाण्यात वापरलेल्या त्या तोंडांवर काजळी आणि क्षार असे बसले होते की खाली स्टील आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं.

"ती तोंडं तेवढी घास की रे," गंगासागर जेव्हा जेव्हा तिकडे जायची तेव्हा म्हणायची.

"नवीन मागवायचीत आई. घासून काय उपेग," रुद्रेश म्हणायचा, आणि ते राहून जायचं.

मग शिवानीला बघायला पाहुणे यायचं ठरलं. अंबाजोगाईचं घर, त्यांचंही दुकानच. मुलगा श्रीशैल, त्याची आई सरस्वतीबाई आणि मामा, एवढेच येणार होते. बजरंगदादांनी ऐकलं तसा फोन केला. "रुद्रप्पा, घरात पोहे खाऊन कोन बी जातंय. पाव्हण्यांना इकडं आना. पोरगा-पोरगी बोटीत जरा मोकळं बोलतील."

आदल्या दिवशी गंगासागर रुद्रेशबरोबर काठावर गेली. तिथल्या पत्र्याच्या टपरीत चहाची सोय बघायची होती. रुद्रेश डिझेल आणायला केजला गेला. बोट काठाला बांधलेली, मागची बाजू काठाकडे. गंगासागरनं टपरी झाडली, भांडी लावली, आणि बाहेर आली तर समोर ती दोन काळी तोंडं.

उद्या पाहुणे येणार, आणि येता येता आधी हेच बघणार.

तिनं लुगड्याचा ओचा खोचला, गुडघाभर पाण्यात उतरली आणि घासायला लागली. चिंचेनं वरचा थर निघाला. पण तोंड जिथं फळीला टेकत होतं तिथं भोवताली डांबरासारखा काळा डिंक होता. तो काही निघेना. टपरीत रुद्रेशची हत्यारं होती. तिनं पेचकस आणला आणि त्याच्या टोकानं तो डिंक खरवडून काढला. खरवडताना स्क्रू हलले. मग वाटलं, काढूनच घासावं. आतूनही किती घाण असेल. तिनं स्क्रू काढले तसं नळकांडं हातात आलं. आत एक रबराची गोल चकती होती, जुन्या चपलेच्या तळासारखी, एका बाजूनं फाटलेली. दुसऱ्या तोंडातही तशीच.

तिनं दोन्ही तोंडं अशी घासली की त्यात तिचा चेहरा दिसायला लागला. परत बसवताना मात्र त्या चकत्या नीट बसेनात, फाटलेला भाग मध्येच अडकायचा. रुद्रेशला विचारू म्हणून तिनं त्या धुऊन पिशवीत टाकल्या आणि तोंडं जागच्या जागी लावून स्क्रू आवळले. रिकामी बोट पाण्यावर हलकी तरंगत होती, तोंडं पाण्याच्या वर होती, तेव्हा काही कळायचं कारणच नव्हतं.

रुद्रेश आला तेव्हा दिवस मावळला होता. त्यानं लांबूनच बघितलं.

"आई, लई भारी. नवीच वाटायलीत."

तिला इतकं बरं वाटलं की चकत्यांचं विचारायचं राहून गेलं. घरी गेल्यावर पुरणाचं, पाहुण्यांच्या आहेराचं, शिवानीच्या साडीचं निघालं आणि ते डोक्यातूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. सरस्वतीबाई बोलायला कमी, बघायला जास्त. मामा गमत्या माणूस. श्रीशैल लाजत होता. चहा झाल्यावर रुद्रेशनं सगळ्यांना लाइफ जॅकेट घातली आणि बोटीत बसवलं. मागच्या बाकावर सरस्वतीबाई आणि मामा, त्यांच्या पुढे श्रीशैल आणि शिवानी. बोट निघाली. काठावर राहिले रुद्रप्पा आणि गंगासागर. आणि जरा बाजूला बाभळीखाली जाळं सांधत बसलेले आश्रुबा, त्या पाण्यात जन्म काढलेले मासेमार.

बोट लांब जाऊन ठिपक्याएवढी झाली. रुद्रप्पांना पान हवं होतं. सुपारी काढायला गंगासागरनं पिशवीत हात घातला आणि हाताला त्या चकत्या लागल्या.

तिनं त्या बाहेर काढल्या. मग उठून आश्रुबांकडे गेली.

"आश्रुबा भाऊ, हे कशाचं असतंय वो?"

आश्रुबांनी चकती उलटीपालटी केली. "सायलेन्सरची झडप हाय वैनी. इंजिन बंद झालं की पानी उलटं आत जातंय, ते ही अडवती. जुनी दिसती. नवी घातली का रुद्रेशनं?"

गंगासागरनं दुसरी चकती मुठीत आवळली. "आन भवतीनं काळा डिंक असतोय, तो?"

"तो सिलिकॉन. फळीत आन तोंडात फट असती, तिथून पानी शिरू न्हाई म्हनून." आश्रुबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि हातातलं जाळं खाली ठेवलं. "कावून इचारायला लागलाव?"

"मी काढला. काल. झडपा बी मीच काढल्या."

आश्रुबा उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघितलं. "मागं किती मानसं बसलीत?"

"चौघं. रुद्रेश धरून पाच."

"म्हंजी मागचा भाग खाली बसला आसंल. तोंडं पान्याखाली गेली. इंजिन चालू हाय तवर धूर पान्याला रेटतंय. बंद करू नका म्हनावं. फोन लावा."

तिनं रुद्रेशला फोन लावला. टपरीतच घंटी वाजली. फोन चार्जिंगला लावून तो गेला होता. शिवानीला लावला, तर तो गंगासागरच्याच खांद्यावरच्या पर्समध्ये वाजला. पाण्यात पडेल म्हणून पोरीनं पर्स आईकडे दिली होती.

"मामांचा नंबर तुमच्याकडं हाय ना? लावा," ती नवऱ्याला म्हणाली.

सगळं ऐकून रुद्रप्पांचा चेहरा पडला होता. फोन हातात धरून ते तसेच बसले. "काय सांगू? बोटीत पानी शिरतंय म्हनून सांगू पाव्हण्यांना? अगं, रुद्रेश हाय ना तिथं. तो काय लहान हाय का. बघंल तो. उगं बोभाटा केला आन काई झालंच न्हाई तर? पोरीचं ठरायचंय अजून."

"आन झालं तर?"

तिनं त्यांच्या हातातून फोन घेतला. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

पलीकडून मामांचा आवाज आला, खुशीत. "बोला. मस्त हवा हाय इथं. मधोमध थांबलोय. इंजिन बंद केलंय, फोटो काढायलाव."

"मामा, जरा रुद्रेशकडं द्या."

"काई काम होतं का?"

"द्या मामा. आत्ता द्या."

रुद्रेश आला. तिनं एका दमात सांगितलं. झडपा काढल्या, डिंक खरवडला, चकत्या माझ्यापाशी आहेत. मग इंजिन सुरू करण्याचा आवाज. घरघर झाली आणि थांबली. पुन्हा घरघर. तिसऱ्यांदा नुसतं टक् झालं.

"इंजिनात पानी गेलंय," रुद्रेश म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला होता. "थांब, तळाची फळी उचलून बघतो." आणि मग, "आई, खाली लई पानी हाय. उपसायची मोटार बी चालंना."

आश्रुबांनी फोन मागून घेतला. "रुद्रेश, ऐक. सगळ्यांना पुढं घे. पार टोकाला. मागचं वजन काढ, म्हंजी तोंडं वर येतील. उभं कुनी ऱ्हायचं न्हाई, बसूनच सरकायचं. आन तोंडात फडकी कोंब, घट्ट. मी निघतो."

आश्रुबांकडे थर्माकोलचा तराफा होता, वरून प्लॅस्टिक गुंडाळलेला. तो हातातल्या दोन फळ्यांनी वल्हवायचा. त्यांचा जोडीदार त्या दिवशी बाजाराला गेला होता. त्यांनी रुद्रप्पांकडे बघितलं. रुद्रप्पांचे गुडघे गेलेले, त्यांना खाली बसणंही अवघड.

"मी येते," गंगासागर म्हणाली.

"पवता येतंय का वैनी?"

"न्हाई."

टपरीत एक लाइफ जॅकेट उरलं होतं. आश्रुबांनी ते तिला घातलं, दोरीचं वेटोळं तिच्या मांडीवर ठेवलं आणि तराफा ढकलला.

वारा काठाकडून आत वाहत होता, म्हणून तराफा लवकर पुढे सरकत होता. पण तोच वारा बोटीलाही लांब नेत होता, खोल पाण्याकडे की उथळाकडे हे इथून कळत नव्हतं. गंगासागर फळी मारत होती. पहिल्यांदा तिचा हात उलटा पडायचा आणि तराफा गोल फिरायचा. आश्रुबा रागावले नाहीत. "माझ्या हाताकडं बघा आन तसंच करा," एवढंच म्हणाले. दंड भरून आले, तळहात सोलले. तिच्या मनात काय चाललं होतं ते पुढं तिनं शेजारच्या छबुबाईंना सांगितलं. ती देवाचं नाव घेत नव्हती. तिच्या डोळ्यांपुढं फक्त तो डिंक होता, पेचकसानं सोलत निघालेला, लांब लांब काळ्या सालींसारखा. आणि तो निघताना तिला किती बरं वाटलं होतं, ते.

बोट जवळ आली तशी तिला माणसं दिसली. मामा आणि रुद्रेश पुढच्या टोकाला. रुद्रेशनं तळाची एक फळी काढून घेतली होती आणि त्या फळीनं पाणी मारत तो बोट आडवी होऊ देत नव्हता. सरस्वतीबाई मध्ये बसून बरोबर दिलेल्या पोह्यांच्या डब्यानं पाणी बाहेर फेकत होत्या, पदर कमरेला खोचलेला. आणि मागं शिवानी पालथी पडली होती, अर्धी बोटीबाहेर. श्रीशैलनं तिचे पाय दोन्ही हातांनी धरले होते. तिनं आपल्या साडीचा पदर फाडून एका तोंडात कोंबला होता आणि दुसऱ्यात मामांचा टॉवेल कोंबत होती. कालची घासलेली कड उन्हात चमकत होती, आणि लाट आली की पाण्याखाली जात होती.

"शिवानी, आत ये," गंगासागर ओरडली.

"थांब, झालं," शिवानी म्हणाली.

आश्रुबांनी बोटीच्या नाकाला दोरी बांधली. "वढून न्हाई जमायचं," ते रुद्रेशला म्हणाले. "वारा नेतोय तिकडंच जाऊ. तिकडं जुनी रानं हायत खाली. बांधावर टेकंल." धरण व्हायच्या आधी तिथं शेतं होती, आणि कुठला बांध पाण्याखाली कुठं आहे ते आश्रुबांना पाठ होतं. तराफ्यावरून ते फक्त नाक वळवत राहिले. फडकी कोंबल्यावर पाणी कमी झालं, पण थांबलं नाही, फटीतून येतच होतं. सरस्वतीबाई थकल्या तसा डबा मामांनी घेतला, मग श्रीशैलनं. डबा पाण्यात बुडतोय आणि पाणी बाहेर पडतंय, एवढाच आवाज.

मग बोटीच्या तळाला काहीतरी घासलं. बोट हलली, अजून थोडी सरकली आणि थांबली.

आश्रुबांनी तराफ्यावरून पाय खाली सोडला. पाणी मांडीला लागलं. "उतरा," ते म्हणाले.

चिखलातून सगळे पलीकडच्या काठावर आले. तोवर रुद्रप्पांनी बजरंगदादांना कळवलं होतं, त्यांची गाडी लांबच्या रस्त्यानं वळसा घालून आली. रुद्रप्पा उतरले आणि सरळ पाहुण्यांपुढं हात जोडले. "माफ करा. मशीनचं काय सांगता येतंय, कवा बी बिघडती."

गंगासागर चिखलात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि मग सरस्वतीबाईंकडे.

"मशीन बिघडली न्हवती," ती म्हणाली. "मी घासली. तुमी येनार म्हनून. जे काढायचं न्हवतं ते काढलं. रुद्रेशला ठावं न्हवतं."

रुद्रप्पांनी मान खाली घातली. सरस्वतीबाई साडीचा चिखल झटकत होत्या, त्या थांबल्या.

"पाय तर भिजायला लागलते माझे," त्या म्हणाल्या. "निघालो तवाच. मला वाटलं बोटीत असंच असतंय. पाव्हण्याच्या घरी कसं बोलावं म्हनून गप बसले." आणि पदर पिळता पिळता म्हणाल्या, "मी बोलले असते तर मधात तरी गेलो नसतो."

बजरंगदादा रागीट माणूस, पण त्यांनी त्या दिवशी आवाज चढवला नाही. दुरुस्त होईपर्यंत बोट बंद, एवढं सांगून ते पाहुण्यांना घेऊन गेले.

रुद्रेश मात्र आईशी बोलेना. ताटावर यायचा, जेवायचा, उठायचा. गंगासागरनं त्याची समजूत घातली नाही. तिनं दुकानात भांडी पुसणंही सोडलं. बाया काळी घागर घेऊन आल्या तर म्हणायची, "ठेवा, बघते." घागर तशीच पडून राहायची. रुद्रप्पांनी एकदा स्वतःच फडकं हातात घेतलं तेव्हा ती उठून आत गेली.

अंबाजोगाईहून निरोप आला तो होकाराचा. रुद्रप्पांना खरं वाटेना. त्यांनी शिवानीला विचारलं तर ती म्हणाली, "मी म्हनले पाय सोडू नका. त्यांनी सोडले न्हाईत. नखं रुतली तवर धरले. मला दुसरं काई इचारायचं न्हाई." मग आईला बाजूला घेऊन म्हणाली, "तू काठावर सगळ्यांपुढं खरं सांगितलं नसतं ना, तर मीच ह्या सोयरिकीला न्हाई म्हनले असते."



लातूरहून मिस्त्री आला, त्यानं इंजिनातलं पाणी काढलं, तेल बदललं. मुंबईहून नवी तोंडं आली, आत नव्या रबरी झडपा बसवलेली. बोट ट्रॅक्टरनं ओढून काठावर घेतली. त्या सकाळी रुद्रेशनं घरातून निघताना गाडी सुरू केली, आणि मागं न बघता म्हणाला, "आई, चल. बाहेरून धरायला मानूस लागतंय."

ती गेली. रुद्रेशनं फळीवरचा जुना डिंक काढला, बारीक पॉलिशपेपर मारला, स्पिरिटनं पुसलं. "इथं काई ऱ्हाऊ देयाचं न्हाई. हे मात्र घासायचं," तो म्हणाला. मग नव्या तोंडाच्या मागच्या बाजूला सिलिकॉन फिरवायला त्यानं ट्यूब तिच्या हातात दिली. पुरणाची पोळी लाटताना कड सांभाळते तशी तिनं गोल रेघ ओढली, कुठं तुटू दिली नाही. रुद्रेश बोटीच्या पोटात उतरला. ती बाहेरून तोंड दाबून धरत होती, तो आतून पाइप सरकवून क्लिप आवळत होता. "सरकलं का?" "न्हाई." "दाब अजून." फळी आणि तोंडाच्या मधून काळी रेघ बाहेर आली. तिचा हात आपसूक पुसायला गेला.

"ऱ्हाऊ दे ते," आतून आवाज आला.

"ऱ्हाऊ देते," ती म्हणाली.

सिलिकॉन वाळायला वेळ दिला आणि मग बोट पाण्यात घातली. वजन म्हणून आधी वाळूची पोती ठेवायचं ठरलं होतं. गंगासागर म्हणाली, मी बसते. आश्रुबा म्हणाले, मग मी बी बसतो. दोघं मागच्या बाकावर बसले. रुद्रेशनं तळाची फळी उघडी ठेवली, आतला कोरडा तळ दिसेल अशी. काठापासून फार लांब न जाता त्यानं बोट पुढं नेली, वळवली, उलटी मागं घेतली. पाणी मागच्या फळीवर चढलं. मग त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. लाटा मागून बोटीवर आपटत होत्या, आणि प्रत्येक लाटेबरोबर झडपेचा बारीक थपथप आवाज येत होता. गंगासागर वाकून उघड्या तळाकडे बघत होती. आश्रुबांनी तंबाखू मळायला घेतला आणि तसाच हातात धरून ठेवला. रुद्रेश पुढून उठून मागं आला आणि आईच्या शेजारी गुडघ्यांवर बसला.

बराच वेळ गेला. रुद्रेशनं हात आत घातला, पार मागच्या फळीपर्यंत, तोंडाच्या मागच्या बाजूनं बोटं फिरवली आणि हात बाहेर काढून बघितला. मग तो हात त्यानं आईपुढं धरला. तिनं त्यावर आपली बोटं फिरवली. कोरडा होता.

"अजून जरा थांबू," गंगासागर म्हणाली.

"थांबू," रुद्रेश म्हणाला, आणि तिच्या शेजारी बाकावर बसला.